हाडांचा हिशेब मांडणारा शल्यविशारद

महामार्गावरील भीषण अपघातातून एखाद्या जखमीला बाहेर काढले जाते तेव्हा कित्येकदा त्याच्या अंगावर वरवर पाहता फारसे काही दिसत नाही. रक्ताचे थारोळे नसते, हाडही बाहेर आलेले नसते. तरीही पाहता पाहता त्याची नाडी जलद व क्षीण होत जाते, अंग गार पडू लागते. अशा वेळी प्रशिक्षित कर्मचारी सर्वप्रथम एक साधी गोष्ट करतात. जखमीच्या दोन्ही खुब्यांभोवती ते एक रुंद पट्टा गुंडाळतात आणि तो घट्ट आवळतात. पट्टा हाताशी नसेल तर चादरीची घडीही चालते. रुग्णालयात पोहोचल्यावर आवश्यकता भासल्यास कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांत पोलादी सळया बसवतात आणि त्या शरीराबाहेर एका चौकटीने एकमेकींना जोडतात. मोडलेले हाडांचे कडे अशा रीतीने बाहेरून धरून ठेवले की आतल्या रक्तस्रावाला आवर बसण्याची शक्यता वाढते.

पाठीचा कणा आणि दोन्ही पाय यांना जोडणाऱ्या या हाडांच्या कड्याला शारीरशास्त्रात श्रोणी म्हणतात. डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यात तो पेल्व्हिस असतो. हे कडे पुढे आणि मागे अशा दोन ठिकाणी उभे मोडले, तर त्या अस्थिभंगाला जगभरातले अस्थिशल्यविशारद आजही माल्गेन फ्रॅक्चर म्हणतात. आपल्याकडील वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थीही हे नाव पाठ करतात. हाडे शरीराबाहेरच्या साधनाने धरून ठेवण्याच्या तंत्राचा इतिहास सांगतानाही सुरुवातीला हेच नाव घ्यावे लागते. परंतु ज्याचे हे नाव, तो माणूस कोण होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

जोसेफ फ्रान्स्वा माल्गेन यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८०६ रोजी ईशान्य फ्रान्समधील लॉरेन प्रांतात, मोझेल नदीकाठच्या शार्म या छोट्या गावी झाला. त्या वेळी नेपोलियनचे साम्राज्य ऐन भरात होते. वडील वैद्यकी करीत. पण ते पदवीधर डॉक्टर नव्हते. १८०३ च्या कायद्याने फ्रान्समध्ये वैद्यांचे दोन वर्ग पाडले होते. विद्यापीठाची पदवी घेतलेले डॉक्टर हा एक वर्ग आणि अल्प शिक्षणानंतर परवाना मिळालेले आरोग्याधिकारी हा दुसरा. या दुसऱ्या वर्गाला आपल्या जिल्ह्यापुरताच व्यवसाय करता येई आणि मोठी शस्त्रक्रिया पदवीधर डॉक्टरांच्या देखरेखीवाचून करण्यास त्यांना मनाई होती. खेड्यापाड्यांतील गोरगरिबांचे आजारपण बहुतांशी याच लोकांच्या हाती असे. माल्गेन यांचे वडील या वर्गातले होते आणि मुलानेही तोच परवाना घेऊन गावात आपली गादी चालवावी, अशी त्यांची इच्छा होती.

मुलाने नान्सी येथे शिक्षण घेऊन विशीच्या उंबरठ्यावरच तो परवाना मिळवला. मात्र तेवढ्यावर त्याचे समाधान होण्यासारखे नव्हते. वाचनाची आणि लेखनाची ओढ त्याला आधीपासूनच होती. वडिलांची मर्जी मोडून त्याने पॅरिस गाठले. घरून मदतीची आशा नव्हती. शिकवण्या आणि लेखनावर गुजराण करीत त्याने पुन्हा पहिल्यापासून अभ्यास आरंभला. व्हाल-द-ग्रास या लष्करी रुग्णालयात त्याने उमेदवारी केली आणि १८३१ साली डॉक्टर ही पदवी संपादन केली. पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषयच वैद्यकशास्त्रातील विरोधाभास हा होता. सर्वमान्य समजुतींकडे संशयाने पाहण्याची वृत्ती तेव्हापासूनच प्रकट झाली होती.

त्याच सुमारास युरोपचे लक्ष पोलंडकडे लागले होते. रशियाच्या झारविरुद्ध पोलिश जनतेने १८३० च्या नोव्हेंबरमध्ये उठाव केला होता आणि फ्रान्समधील तरुणांची मने त्या लढ्याने भारून गेली होती. माल्गेन इतर फ्रेंच डॉक्टरांबरोबर स्वेच्छेने पोलंडला गेले आणि जखमी सैनिकांच्या शुश्रूषेत गढून गेले. बंदुकीच्या गोळ्यांनी चुरा झालेली हाडे, तातडीने कापावे लागणारे हातपाय आणि त्यानंतरचे मृत्यू त्यांनी तेथे जवळून पाहिले. लढाईच्या जोडीला त्या वर्षी पोलंडात पटकीची साथही पसरली होती. सप्टेंबर १८३१ मध्ये वॉर्सा पडले आणि उठाव चिरडला गेला. पोलिश सैन्याचा सन्मानक्रॉस घेऊन माल्गेन मायदेशी परतले. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते.

पॅरिसमधला पुढचा काळ हा झपाटलेल्या परिश्रमाचा होता. १८३४ मध्ये त्यांचा शस्त्रक्रियापद्धतींवरील सुटसुटीत ग्रंथ प्रसिद्ध झाला. कोणती शस्त्रक्रिया कशी करावी, कोणत्या पद्धतीत कोणता धोका आहे, हे त्यात नेमकेपणाने सांगितलेले होते. विद्यार्थ्यांनी तो उचलून धरला. माल्गेन यांच्या हयातीतच त्याच्या सात आवृत्त्या निघाल्या आणि तो अनेक भाषांत पोहोचला. १८३५ मध्ये स्पर्धापरीक्षा जिंकून ते पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेत अध्यापनासाठी पात्र ठरले. १८३८ मध्ये शल्यदृष्ट्या उपयुक्त अशा शारीरशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ आला.

याच काळात त्यांनी एक वेगळेच काम अंगावर घेतले. सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्रुआझ पारे हे न्हाव्याच्या दुकानातून राजांच्या पदरी गेलेले, लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत लिहिणारे आणि हातपाय कापल्यावर डाग देण्याऐवजी रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधणारे शल्यचिकित्सक म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांचे समग्र लेखन माल्गेन यांनी जुन्या आवृत्त्या ताडून पाहून १८४० आणि १८४१ या वर्षांत तीन खंडांत संपादित केले. त्याला जोडलेल्या प्रदीर्घ प्रस्तावनेत त्यांनी सहाव्या ते सोळाव्या शतकापर्यंतच्या पाश्चात्त्य शस्त्रक्रियेचा इतिहास मांडला. ही प्रस्तावना इतकी मोलाची ठरली की सव्वाशे वर्षांनी, १९६५ मध्ये, तिचे स्वतंत्र इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. माल्गेन यांची दृष्टी केवळ स्मरणरंजनाची नव्हती. एखादी पद्धत केव्हा, कोणी, कशासाठी सुरू केली आणि तिचे पुढे काय झाले, हे जाणून घेतल्याशिवाय ती आज वापरावी की टाकावी हे ठरवता येत नाही, अशी त्यांची धारणा होती.

मात्र त्यांची खरी ओळख ठरली ती आकड्यांच्या आग्रहाने. त्या काळचा नामवंत शल्यचिकित्सक आपल्या यशस्वी शस्त्रक्रिया मोठ्या आवडीने प्रसिद्ध करी. दगावलेल्या रुग्णांची नोंद रुग्णालयाच्या वहीत राही आणि वही कपाटात. माल्गेन यांनी ही कपाटे उघडली. पॅरिसच्या ओतेल-दिय या प्राचीन रुग्णालयाच्या अकरा वर्षांच्या नोंदवह्या त्यांनी चाळल्या आणि त्यांतील दोन हजारांहून अधिक अस्थिभंगांचे वर्गीकरण केले. कोणते हाड किती वेळा मोडते, कोणत्या वयात मोडते, पुरुषांत अधिक की स्त्रियांत, कोणत्या ऋतूत, असे प्रश्न त्यांनी त्या आकड्यांना विचारले. १८३९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. अस्थिभंगांचा असा पद्धतशीर हिशेब तोवर क्वचितच कोणी मांडला होता.

त्यानंतर १८४२ मध्ये त्यांनी त्याहूनही नाजूक विषयाला हात घातला. पॅरिसच्या रुग्णालयांत मोठ्या शस्त्रक्रियांनंतर, विशेषतः हातपाय कापल्यानंतर, किती माणसे जगतात आणि किती मरतात, हे त्यांनी नोंदींवरून काढले. जे निष्पन्न झाले ते पॅरिसला भूषणावह नव्हते. शल्यचिकित्सक व्याख्यानांतून जे सांगत, त्यापेक्षा मृत्यूचे प्रमाण कितीतरी जास्त होते. अनेक ज्येष्ठांना हा स्वतःचा अवमान वाटला. परंतु आकडे त्यांच्याच रुग्णालयांच्या वह्यांतले असल्याने त्यांना खोटे ठरवणे कठीण होते.

या आग्रहाची किंमत त्यांना लवकरच मोजावी लागली. त्या दिवसांत त्वचेला लहानसे छिद्र पाडून आतून स्नायुबंध कापण्याची शस्त्रक्रिया पॅरिसमध्ये फार गाजत होती. झ्यूल गेरँ हे तिचे मोठे पुरस्कर्ते होते. वाकडा पाय, वाकडी मान, एवढेच नव्हे तर पाठीच्या कण्याचा बाकसुद्धा या रीतीने सरळ करता येतो, असा त्यांचा दावा होता. वैद्यकविषयक एका प्रभावी पत्राचे ते संपादकही होते. बरे झाल्याचे सांगितलेले रुग्ण खरोखर बरे झाले आहेत काय, असा प्रश्न माल्गेन यांनी जाहीरपणे उपस्थित केला. १८४३ मध्ये त्यांनी स्वतःचे शस्त्रक्रियाविषयक नियतकालिक सुरू केले होते आणि त्याची पाने या चिकित्सेला खुली होती. गेरँ यांनी बदनामीचा खटला भरला.

वादाचा विषय वैद्यकीय असला तरी न्यायालयापुढचा मुद्दा व्यापक होता. एका वैद्याने दुसऱ्याच्या कामाचे निकाल तपासून ते खोटे ठरवले, तर तो गुन्हा की कर्तव्य, हा तो मुद्दा. माल्गेन हरले असते तर यापुढे प्रत्येक टीकाकाराला दंडाची धास्ती बाळगावी लागली असती. ते उत्तम वक्ते होते. त्यांनी आपली बाजू मांडताना शास्त्रीय टीकेच्या स्वातंत्र्याचाच पुरस्कार केला आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. खटल्यानंतरही ते गप्प बसले नाहीत. पाठीचे स्नायू कापून कणा सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेचे मूल्य किती, यावर त्यांनी सविस्तर निबंध लिहून तिचा फोलपणा दाखवून दिला. ती शस्त्रक्रिया पुढे मागे पडली.

इतरांच्या दाव्यांना कठोर कसोटी लावणारा हा माणूस स्वतः मात्र नव्या कल्पनांना घाबरणारा नव्हता. त्यांनी बनवलेली दोन साधने याची साक्ष देतात.

नडगीचे हाड तिरपे मोडले की त्याच्या वरच्या तुकड्याचे टोक पुढे उचलले जाते आणि त्वचेला आतून टोचत राहते. लाकडी पट्ट्या आणि कापडी बंध कितीही आवळले तरी ते टोक खाली बसत नसे. दाब वाढवावा तर त्वचा सडे. माल्गेन यांनी १८४० मध्ये यावर एक उपाय योजला. पायाच्या पुढच्या बाजूवर धातूची एक कमान बसवायची आणि पट्ट्याने ती पायाखालच्या आधाराला बांधायची. कमानीच्या मध्यातून एक स्क्रू जाई आणि त्याचे टोक अणकुचीदार असे. स्क्रू फिरवला की ते टोक त्वचा भेदून थेट हाडावर टेके आणि वर आलेला तुकडा खाली दाबून धरी. सगळ्या त्वचेवर दाब देण्याऐवजी एका बिंदूतून हाडावरच दाब द्यावा, असा त्यामागचा विचार होता.

तीन वर्षांनी, १८४३ मध्ये, त्यांनी गुडघ्याच्या वाटीसाठी दुसरे साधन केले. वाटी आडवी मोडली की मांडीचा बलदंड स्नायू तिचा वरचा तुकडा वर ओढून नेतो आणि दोन तुकड्यांत फट पडते. हाड जुळत नाही, पाय सरळ करण्याची ताकद जाते. माल्गेन यांचे साधन पोलादी पंजासारखे होते. एकमेकींवर सरकणाऱ्या दोन पट्ट्या आणि प्रत्येकीच्या टोकाला दोन बाकदार आकडे. वरचे आकडे वाटीच्या वरच्या कडेला अडकवायचे, खालचे खालच्या कडेला आणि मधला स्क्रू किल्लीने फिरवून दोन्ही तुकडे जवळ आणायचे. आकडे त्वचेतून आत जात, बाकीचे यंत्र शरीराबाहेर राही.

त्या काळाचा संदर्भ लक्षात घेतला तर या साधनांमागचे धाडस कळते. भूल देण्याची सोय नव्हती. जंतू रोग घडवतात हे अजून सिद्ध व्हायचे होते. त्वचेला छिद्र पडून मोडलेल्या हाडापर्यंत वाट झाली की पू, ताप आणि मृत्यू ही मालिका ठरलेली, असा सर्वांचा अनुभव होता. त्यामुळे हाडापर्यंत मुद्दाम लोखंड नेणे अनेकांना क्रूर वाटले. या साधनांचा प्रसार मर्यादितच राहिला. प्राचीन ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटीसच्या परंपरेतही मोडलेल्या पायावर चामडी कडी आणि त्यांच्यामध्ये लवचिक काठ्या बसवण्याची युक्ती आढळते. पण ती त्वचेवरूनच ताण देणारी होती. शरीराबाहेरचे यंत्र आणि आतले हाड यांचा धातूच्या टोकाने थेट संबंध जोडणारे पहिले ठळक प्रयोग म्हणून इतिहासकार माल्गेन यांच्या या दोन साधनांकडेच बोट दाखवतात.

वेदनेच्या प्रश्नाला मात्र लवकरच उत्तर मिळाले. अमेरिकेतील बॉस्टन येथे १८४६ च्या ऑक्टोबरमध्ये ईथर हुंगवून शस्त्रक्रिया झाल्याचे वृत्त युरोपात पोहोचले. पॅरिसमधला पहिला प्रयत्न डिसेंबरमध्ये सॅँ-लुई रुग्णालयात झोबेर द लांबाल यांनी केला. त्याच रुग्णालयात काम करणाऱ्या माल्गेन यांनी काही रुग्णांवर ईथर वापरून पाहिले आणि १२ जानेवारी १८४७ रोजी वैद्यक अकादमीपुढे आपला अनुभव मांडला. फ्रान्समधील विद्वत्सभेत ईथरच्या भुलीची चर्चा त्यांच्या या निवेदनाने सुरू झाली. अनेक ज्येष्ठ सदस्य साशंक असताना नवे तंत्र उचलून धरणाऱ्यांत कठोर टीकाकार म्हणून ओळखले जाणारे माल्गेन होते. दावा नवा आहे की जुना, याला त्यांच्या लेखी महत्त्व नव्हते. तो पडताळून पाहता येतो की नाही, याला होते.

१८४७ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातले कळसाचे वर्ष म्हणावे लागेल. त्याच वर्षी ते पॅरिसमधून प्रतिनिधिगृहावर निवडून आले. पण १८४८ च्या फेब्रुवारी क्रांतीने राजा लुई फिलिप याच्याबरोबर ते प्रतिनिधिगृहही गेले आणि त्यांचे राजकीय जीवन अल्पकाळातच संपले. त्याच वर्षी त्यांच्या अस्थिभंगांवरील महाग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. निखळलेल्या सांध्यांवरचा दुसरा खंड १८५५ मध्ये आला. पहिल्या खंडाचे इंग्रजी भाषांतर फिलाडेल्फियाचे शल्यचिकित्सक जॉन पॅकर्ड यांनी १८५९ मध्ये केले आणि अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर तो प्रमाणग्रंथ मानला गेला.

या पहिल्या खंडातच श्रोणीच्या त्या दुहेरी उभ्या अस्थिभंगाचे वर्णन आहे. श्रोणी हे बंद कडे असल्याने ते एका ठिकाणी मोडून सरकले की बहुधा दुसऱ्या ठिकाणीही तुटलेले असते, बांगडी फुटते तसे. उंचावरून पडणे, ढिगाऱ्याखाली सापडणे किंवा अंगावरून गाडीचे चाक जाणे अशा जबर आघातांत पुढच्या बाजूला जांघेजवळची जघनास्थीची फांदी वरून खालपर्यंत तुटते. मागच्या बाजूला कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीच्या सांध्याजवळ दुसरी भेग पडते. मग अर्धी श्रोणी पायासकट सुटी होते आणि स्नायूंच्या ओढीने वर सरकते. पाय आखूड दिसतो. पाहणाऱ्याला वाटते, खुब्यातले हाड मोडले. माल्गेन यांनी या गफलतीकडे नेमके लक्ष वेधले. मांडीचे हाड आपल्या जागी शाबूत असते, वर सरकलेली असते ती श्रोणीच, आणि हे मोजमाप करून ओळखता येते, असे त्यांनी दाखवून दिले.

क्ष-किरणांचा शोध लागायला अजून अठ्ठेचाळीस वर्षे होती. त्यामुळे हे निदान बोटांच्या चाचपणीवर, फीत लावून घेतलेल्या मापांवर आणि जे रुग्ण दगावले त्यांच्या शवविच्छेदनावर उभे होते. रुग्णालयांच्या वह्यांत श्रोणीचे अस्थिभंग फारच थोडे होते. त्या तुरळक नोंदींना एकत्र आणून त्यांतला समान सांगाडा ओळखणे हे हिशेबी वृत्तीच्या माणसालाच जमले. उपचार मात्र अपुरेच होते. कमरेभोवती रुंद कापडी बंध आवळायचा, रुग्णाला आठवडेच्या आठवडे हलू द्यायचे नाही आणि वाट पाहायची. स्वतःची पोलादी टोके आणि आकडे माल्गेन यांनी नडगी आणि वाटी यांपुरतेच ठेवले. श्रोणीसारख्या खोल, रक्तवाहिन्यांनी वेढलेल्या भागात लोखंड नेणे त्या काळी मृत्यूला आमंत्रण ठरले असते.

१८५० मध्ये ते पॅरिसच्या विद्याशाखेत शस्त्रक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८४६ पासून ते वैद्यक अकादमीचे सदस्य होतेच. तेथील त्यांची भाषणे ऐकण्यासाठी गर्दी होई. तिखट वाणी, अफाट वाचन आणि हातात आकड्यांचे कागद अशी त्यांची ख्याती होती. होमरच्या काव्यातील शारीरज्ञानावर निबंध लिहिण्याइतकी त्यांची रसिकता शाबूत होती. मित्रांपेक्षा प्रतिस्पर्धी त्यांना अधिक मिळाले; परंतु त्यांच्या टीकेची धास्ती घेऊन निकाल काळजीपूर्वक प्रसिद्ध करण्याची सवय पॅरिसच्या शल्यचिकित्सकांना लागली, हे त्यांचे ऋण विरोधकांनाही नाकारता आले नाही. १८६५ मध्ये अकादमीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी १७ ऑक्टोबर रोजी, वयाच्या साठीलाही न पोहोचता, त्यांचे पॅरिसमध्ये निधन झाले.

त्याच्या दोनच महिने आधी, १२ ऑगस्ट १८६५ रोजी, स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी गाडीखाली सापडलेल्या अकरा वर्षांच्या एका मुलाच्या पायावर कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी बांधली होती. मुलाचे हाड मोडून त्वचेलाही जखम झाली होती. ती जखम चिघळली नाही, हाड जुळले, पाय वाचला. माल्गेन यांच्या पोलादी टोकाला ज्या एका गोष्टीची उणीव होती, ती हीच. लिस्टर यांनी आपले निष्कर्ष १८६७ मध्ये प्रसिद्ध केले. माल्गेन यांना ते वाचायला मिळाले नाहीत.

पुढची वाटचाल इतरांनी केली. जंतुदोष टाळता येऊ लागल्यावर अमेरिकेतील डेन्व्हरचे क्लेटन पार्कहिल यांनी १८९७ मध्ये, तर बेल्जियममधील अँटवर्पचे आल्बँ लांबोत यांनी १९०२ मध्ये हाडात स्क्रू बसवून ते बाहेरून जोडण्याची साधने पुढे आणली. १९३८ मध्ये जिनिव्हाच्या राउल होफमान यांनी अशी चौकट बसवल्यावरही बाहेरून हाडांची दिशा सुधारता येईल, अशी रचना केली. श्रोणीसाठी या चौकटींचा वापर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः सत्तरच्या दशकात, रुजला. फिनलंडमध्ये स्लॅटिस आणि कराहार्यू यांनी १९७५ च्या सुमारास समलंब चौकोनी चौकट वापरात आणली. स्वित्झर्लंडच्या राइनहोल्ड गान्झ आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये श्रोणीला मागच्या बाजूने आवळणारा चिमटा वर्णिला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तयार पट्टे रुग्णवाहिकांत आले आणि माल्गेन यांच्या काळातला कापडी बंध नव्या रूपात, नव्या समजेने परतला.

ही नवी समज महत्त्वाची आहे. श्रोणीच्या मागच्या भिंतीवर शिरांचे दाट जाळे असते. कडे फाकले की त्या शिरांतून आणि मोडलेल्या हाडांच्या तोंडांतून रक्त वाहू लागते आणि पोटामागच्या पोकळीत लिटरच्या हिशेबाने साठू शकते. पट्टा आवळला की हाडांची तोंडे जवळ येतात, रक्त साठण्याची जागा कमी होते आणि धरलेल्या गुठळ्या हलत नाहीत. त्यासाठी पट्टा कमरेवर नव्हे, तर मांड्यांच्या वरच्या बाजूला दोन्हीकडे हाताला लागणाऱ्या हाडांच्या उंचवट्यांवर बसावा लागतो. तो वर सरकला की उपयोग कमी होतो. तो कायमचा उपायही नव्हे. फार वेळ राहिला तर त्याखालची त्वचा दुखावते. शस्त्रक्रियेपर्यंतचा मोलाचा वेळ मिळवून देणे, एवढेच त्याचे काम.

यात एक विलक्षण योगायोग दडला आहे. ज्या तंत्राची सुरुवात मालगेन यांच्या पोलादी टोकापासून मोजली जाते, ते तंत्र त्यांच्याच नावाच्या अस्थिभंगापुढे एकटे पुरे पडत नाही. कडे केवळ पुस्तकासारखे पुढून उघडले असेल, तर पट्टा आणि पुढची चौकट ते उत्तम रीतीने मिटवतात. पण माल्गेन यांनी वर्णन केलेल्या प्रकारात अर्धी श्रोणी मागूनही सुटलेली आणि वर सरकलेली असते. पुढची चौकट तिला मागच्या बाजूने धरू शकत नाही. पायाला ताण देऊन ती खाली आणावी लागते आणि मग त्रिकास्थीत स्क्रू बसवून मागचा भाग पक्का करावा लागतो. चौकटींचा उत्साह ओसरल्यावर रुग्णांचे दीर्घकालीन निकाल तपासले गेले, तेव्हा ही मर्यादा स्पष्ट झाली. किती जणांचा पाय आखूड राहिला, किती जणांना पुन्हा चालता आले, हे मोजल्यावरच ती कळली.

गावच्या वैद्याच्या मुलाने पॅरिसच्या रुग्णालयांतील धुळकट वह्या उघडून नेमके हेच मागितले होते. त्यांचा पोलादी पंजा आज संग्रहालयाची वस्तू झाला आहे. अपघातानंतर कोणता उपचार केला, त्याने किती वाचले आणि किती गेले, याच्या नोंदी ठेवून त्यावरून उपचार बदलण्याची रीत मात्र जगभरातील अपघात विभागांत रूढ झाली आहे. खुब्यांभोवती पट्टा किती उंचीवर बांधावा, हेसुद्धा त्या रीतीनेच ठरले आहे.